पिंपामागचं पंढरपूर

खेळण्यातल्या रेल्वेचं एचओ नावाचं माप आहे. त्यात सगळं जग ८७ पटींनी लहान होतं. सोलापूर-मुंबई हे सुमारे ४५० किलोमीटरचं अंतर सव्वापाच किलोमीटरवर येतं, म्हणजे शेअर रिक्षानं मुंबई गाठून जेवायला घरी परत येता येईल. ऐकायला झकास. पण याच हिशेबानं २२ डब्यांची गाडी ६ मीटर लांब होते आणि आमचा हॉल आहे १० फुटांचा. इंजिन खिडकीतून बाहेर लोंबकळायला लागलं तरी गार्डाचा डबा अजून जिन्यात.

त्यात हॉलचे १० फूट पूर्ण आपले नसतात. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्यामुळे सोलापुरात जागा मोजताना कार्पेट आणि बिल्ट-अप यांच्या जोडीला तिसरा हिशेब असतो: पिंपं वजा जाता. पिंपं, दिवाण आणि आईचं शिलाई मशीन वजा जाता मला रेल्वेसाठी मिळाली ती ५ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद पट्टी. तीही भूसंपादनाच्या बऱ्याच वाटाघाटींनंतर.

हे वेड पुण्याचं. कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना बिघडवतंय. आगगाड्या, सिग्नल, सर्कस, अख्खं गाव. बघून बाहेर पडणारा प्रत्येक बाप मुलाकडे बोट दाखवतो, "याला लई आवड आहे." मुलगा तोवर आइस्क्रीमकडे बघत असतो.

नवशिका आधी गोल टाकतो. एचओमध्ये बऱ्यापैकी गाडी वळवायची तर १८ इंच त्रिज्या लागते, म्हणजे नुसत्या वर्तुळाला ३ फूट रुंदी. ती माझ्याकडे नव्हती, हे बरंच झालं. वर्तुळावरची गाडी सोलापूरहून सुटते आणि सोलापूरलाच पोचते. वाटेत काही घडत नाही. पाहुणे पहिल्या फेरीला टाळ्या वाजवतात, तिसऱ्या फेरीला चहाचं काय झालं ते विचारतात.

जागा कमी असली की गाडी पळवायचा नाद सोडून तिला कामाला लावायचं. ॲलन राइट नावाच्या इंग्रजानं यासाठी 'इंगलनुक' नावाचं कोडं बसवलं. दोन सांधे, तीन सायडिंग. एकीत ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. एकूण वाघिणी ८. त्यातल्या पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि नेमक्या त्याच क्रमानं गाडी लावायची. मागेपुढे करायला जो रूळ ठेवलेला असतो, त्यावर इंजिन आणि ३ वाघिणी एवढंच मावतं. क्रम किती होऊ शकतात? ६,७२०. रोज एक लावला तरी अठरा वर्षांची सोय झाली. ५ फुटांत एवढी करमणूक दुसरी कुठली नाही. भांडणसुद्धा इतकं पुरत नाही.

आता रेल्वे कुठली करायची, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला पडूच नये. आपली बार्शी लाईट! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केलेली अडीच फुटी लाईन. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. चाकांच्या एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको, असा कॅलथ्रॉपचा हट्ट होता. मग हलके रूळ चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. या गृहस्थानं पुढे वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केलं. बार्शी लाईटच्या प्रवासाशी त्याचा संबंध नसावा.

हिशेब बघा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर पावणेनऊ. आणि एन नावाच्या धाकट्या मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. पाव मिलिमीटर इकडेतिकडे. एवढा फरक तर खऱ्या लाईनवरही पडत असेल. शिवाय आता तिथं ब्रॉडगेज झालंय, त्यामुळे फूटपट्टी घेऊन शहानिशा करायला कुणी जाऊ शकत नाही.

डबे मात्र तयार मिळत नाहीत. ते मी लग्नपत्रिकांचे केले. जाड, गुळगुळीत, वाकत नाहीत, आणि फुकट घरपोच येतात. बाहेरून रंग दिला आहे. पण खिडकीतून डोळा लावून पाहिलं तर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आतल्या भिंतीवर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं सोनेरी अक्षरांत दिसतं. छतावर गणपती आहे. प्रवास निर्विघ्न होतो.

सोलापूरचा देखावा करण्यात एक मोठी बचत म्हणजे गवत लागत नाही. परदेशी लोक हिरव्या भुशाच्या पुड्या विकत घेतात. मी काळी माती चाळली, फेविकॉलच्या पाण्यावर पसरली, बाभळीच्या काटक्या रोवल्या, मे महिना तयार. चाळणी पिठाची होती, हे आईला कळलं तेव्हा मी पंचनाम्याला हजर राहिलो नाही.

आईची अट मात्र एकच होती. "पंढरपूर पायजे. बाकी काय कर ते कर." या मापात वारकरी २ सेंटिमीटरचा होतो, त्याची वीणा तर करंगळीच्या नखात मावते. पण चंद्रभागा, वाळवंट, देऊळ? म्हणून फळीच्या टोकाला पुठ्ठ्याची भिंत उभी केली, तिला भोक पाडलं आणि रूळ पलीकडे नेला. पलीकडे निळं पिंप आहे. गाडी भोकातून दिसेनाशी झाली की पंढरपूरला गेली. आईनं हे निमूट मान्य केलं आणि तेव्हापासून पाणी काढायच्या आधी ती पिंपाला हात जोडते.

खरा ताप शेजारच्या मामांचा. ते रेल्वेत शंटिंगमध्ये होते. सोलापुरात दर चौथ्या घरी कुणीतरी रेल्वेचा असतोच, पण आमच्या वाट्याला नेमका शंटिंगचा आला. पहिल्या दिवशी ते फळीवर वाकून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांधेवाला कुठंय बे?" दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच सांधेवाले झाले. भिशीच्या डब्यातून चिठ्ठ्या काढतात: कापूस, ज्वारी, तूर, शेंगा, चादरी. मग खांद्यावरचा पंचा हलवत "येऊ दे, येऊ दे, हळू, हळू, बस्स!" असं ओरडतात. आवाज पूर्ण मापाचा असतो. खालच्या मजल्यावरचे एकदा गाडी पार्किंगमधून कोण काढतंय ते बघायला वर आले होते.

पाण्याच्या दिवशी मेगाब्लॉक असतो. फळी उचलून दिवाणावर, पाइप हॉलभर. यंदा नेमकं आषाढीलाच पाणी आलं. गाडी वारकऱ्यांसकट भोकात शिरलेली, आणि मी पिंप नळाकडे सरकवायला हात घातला. मामा दारातूनच खेकसले, "थांब की बे! पंढरपूर हलवायच्या आधी लाईन क्लिअर कुणाकडनं घेतलास?"