सांतोरिनीत सह्याद्रीवीर

सांतोरिनीला लोक सूर्यास्त बघायला जातात. आम्ही पडलो जाणकार, म्हणून भर दुपारी ज्वालामुखी बघायला गेलो. "आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याचाच आहे, हे काय दाखवणार आपल्याला!" हे मी हिला मुंबईच्या विमानतळापासून ऐकवत होतो.

आधी आक्रोतिरी. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलेलं हे नगर १९६७ पासून स्पिरिदॉन मारिनातोस यांनी उकरायला घेतलं. पाँपेईसारखी मेलेली माणसं इथे सापडली नाहीत. भूकंपानं सावध होऊन ती आधीच निसटली असावीत.

"शहाणी माणसं," ही म्हणाली. "तेवढ्या वेळात तुमचा चष्मासुद्धा सापडला नसता."

इथल्या भित्तिचित्रांतली निळी माकडं आपल्याकडची वानरं असावीत, असं काही अभ्यासकांना वाटतं, हेही मी सांगून टाकलं.

"म्हणजे तुमच्याआधीही कुणीतरी येऊन गेलं होतं तर!"

मी खिळलो तो 'पश्चिम घरा'च्या संडासापाशी. तोही वरच्या मजल्यावर! दोन दगडी बैठका, मधे फट, तिथून मातीच्या नळ्या थेट रस्त्याखालच्या गटारात. आणि आमच्या हॉटेलात पाटी : कमोडमध्ये कागद टाकू नये, पाइप बारीक आहेत. कांस्ययुगात खोली घ्यायला हवी होती.

मग होडीनं नेआ कामेनी. १९५० नंतर या ज्वालामुखीचा उद्रेक झालेला नाही, पण गंधकाचा वास येतो. उंची जेमतेम सव्वाशे मीटर. राजगड चढलेल्या माणसाला किस झाड की पत्ती! झाड मात्र खरोखरच नव्हतं. काळ्या खडीवर एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. शेवटच्या वळणावर एक जर्मन आजी मला "ओके?" असं विचारून पुढे निघून गेल्या.

शेजारच्या पालेआ कामेनीला गरम पाण्याचे झरे आहेत. माझ्या डोळ्यांपुढे वज्रेश्वरी. पण होडी झऱ्यापर्यंत जातच नाही; खोल समुद्रात उडी मारून पोहत जायचं. मी झोकात उडी मारली. पाणी असं गार, की थेट आई आठवली. हातपाय मारत त्या तांबूस खाडीत पोचलो, तर पाणी विसरून राहिलेल्या चहाइतकं कोमट. वर त्यात लोह. शिडीवरून होडीत चढलो तेव्हा नवाकोरा पांढरा टी-शर्ट गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा झाला होता.

ही कोरडी ठणठणीत बसून फोटो काढत होती.

"अहो, पांढरं काही घालून उतरू नका, असं त्या गाइडबाई दोनदा म्हणाल्या. तुम्ही तेव्हा त्यांनाच दख्खनचं पठार समजावून सांगत होतात."