शिरगावचा परदेशी

बदलापूर पूर्वेला स्टेशनबाहेर शिरगावच्या शेअर रिक्षेत, चालकाशेजारच्या सीटवर अर्धा आत आणि अर्धा रस्त्यावर अशा बेतानं बसलेला एखादा तरुण फोनवर कुणाला तरी म्युनिकमधल्या घरभाड्याबद्दल समजावत असेल, तर ओळखावं, हा आपला परदेशी. तो परदेशात राहत नाही. परदेशातून आलेलाही नाही. तो जाणार आहे. गेली सहा-सात वर्षं जाणार आहे. शिरगाव-आपटेवाडी पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असा एक असतोच. सेक्रेटरी बदलतात, वॉचमन बदलतात, रंगाचं कंत्राट तीनदा दिलं जातं. हा मात्र 'पुढच्या इनटेकला नक्की' या एका वाक्यावर कायम असतो.

वय सत्तावीस-अठ्ठावीस. शिक्षण बीई. नोकरी ऐरोलीला, म्हणजे बदलापूर ते ठाणे उभ्यानं आणि पुढं ट्रान्सहार्बरला नशिबानं. ही नोकरी तात्पुरती आहे. त्या तात्पुरत्या नोकरीत त्याला दोन प्रमोशन मिळाली, ती त्यानं नाइलाजानं घेतली. लग्नाच्या बायोडेटात आईनं 'मुलगा उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याच्या तयारीत' असं लिहिलं आहे. त्या ओळीमुळे पहिली दोन वर्षं स्थळं धावून आली. आता त्याच ओळीवर बोट ठेवून मुलीकडचे विचारतात, "अजून तयारीच का?"

तयारी मात्र पक्की आहे. सर्वांत आधी बॅगा घेतल्या गेल्या. तेवीस-तेवीस किलोच्या दोन, कडक कवचाच्या, उल्हासनगरच्या बाजारातून घासाघीस करून. सध्या एकीत गोधड्या आहेत आणि दुसरीत आकाशकंदील, रांगोळीचे डबे आणि फराळाचे साचे. दिवाळी आली की घरात हाक जाते, "अरे, ती अमेरिकेची बॅग काढ रे माळ्यावरून." शिवाय एक लटकता वजनकाटा आहे. तो सोसायटीत इतक्या घरी फिरतो, की त्याला परत आणायलाच कुणीतरी लागतं.

परीक्षांच्या बाबतीत त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. पहिल्या जीआरईची तारीख होती २७ जुलै २०१९, असं तो सांगतो. त्या शनिवारी पहाटेपासून महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात उभी होती. हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या बोटी, वर नौदलाची हेलिकॉप्टरं. उल्हास नदीनं सबंध महाराष्ट्राला बदलापूर नकाशावर दाखवलं तो हा दिवस. नेमकी त्याच दिवशी परीक्षा होती का, हे तपासायला कुणी गेलेलं नाही, पण गोष्ट चांगली आहे आणि तो ती रंगवून सांगतो. पुढं त्यानं जीआरई दिली, उत्तम गुण मिळवले. आयईएलटीएस तर तीनदा दिली. जीआरईचे गुण पाच वर्षं धरतात, आयईएलटीएसचे दोन. दोन वर्षांत माणूस इंग्रजी विसरतो असा परीक्षा घेणाऱ्यांचा समज दिसतो. त्यामुळे तिन्ही वेळा बँड साडेसात आणि तिन्ही वेळा मुदत संपली.

आता कुणी म्हणेल, अर्ज का केला नाही? इथं देशोदेशीच्या सरकारांची भूमिका लक्षात घ्यावी लागते. परदेशी एखाद्या देशाकडे तोंड वळवतो आणि तो देश नियम बदलतो, असा शिरगावचा अनुभव आहे. करोना ओसरल्यावर त्यानं जर्मनी घेतली, तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं. मग कॅनडा. तिथं खर्चासाठी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षं दहा हजार डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली आणि त्याच महिन्यात विद्यार्थ्यांच्या परवान्यांवरच मर्यादा आली. त्यानं ऑस्ट्रेलियाची चौकशी सुरू केली, तर १ जुलै २०२४ ला व्हिसाची फी ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर, वर्षभरानं २,०००. ब्रिटननं २०२४ च्या जानेवारीपासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना बायकामुलं सोबत न्यायची बंदी केली. "तुला बायको आहे कुठं?" असं आईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "प्रश्न तत्त्वाचा आहे."

शेवटी पुन्हा अमेरिका. २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या आणि जूनमध्ये सुरू केल्या त्या अटीसह: सोशल मीडियाची खाती सर्वांसाठी खुली ठेवा. परदेशीनं दोन रात्री जागून स्वतःचं इन्स्टाग्राम तपासलं. राजकारण नव्हतं. बारवी धरण, कोंडेश्वरचा धबधबा आणि मिसळ होती. तरी एका मिसळीखाली लिहिलेलं 'आग लावली' त्यानं खबरदारी म्हणून काढून टाकलं. सप्टेंबरात नोकरीच्या व्हिसासाठी, म्हणजे नव्या एच-वन-बी अर्जासाठी, एक लाख डॉलरची घोषणा झाली, तेव्हा त्यानं लॅपटॉप शांतपणे मिटला आणि तो नवरात्राची वर्गणी मोजायला खाली गेला.

त्याच्या लॅपटॉपमध्ये 'एसओपी', म्हणजे विद्यापीठाला पाठवायच्या उद्देशपत्राचं, एक फोल्डर आहे. त्यात 'एसओपी फायनल', 'एसओपी फायनल दोन', 'एसओपी फायनल खरी' आणि 'हीच पाठव' अशा फायली आहेत. प्रत्येकीची सुरुवात लहानपणी आजोबांचा रेडिओ उघडून पाहिल्यापासून होते. आजोबांकडे रेडिओ नव्हता, पण यंत्राची ओढ बालपणापासून असावी लागते. शिफारसपत्रांचं त्याहून अवघड. सरांना विचारलं, तर सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मराठी घरात वाढलेल्या मुलाला स्वतःची स्तुती, तीही इंग्रजीत, तीही दुसऱ्याच्या नावानं लिहायची म्हणजे शिक्षाच. पहिल्या मसुद्यात तो स्वतःबद्दल 'नियमित, आज्ञाधारक आणि शांत' याच्या पुढं जाऊ शकला नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असतं, त्याचंच ते इंग्रजी होतं.

मुंबई विद्यापीठाचा विषय निघाला की त्याचा आवाज वडीलधाऱ्यासारखा होतो. "ट्रान्सस्क्रिप्ट आधी काढून ठेव" हा त्याचा पहिला उपदेश. त्याला २०१७ चा दाखला असतो. त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि परदेशात प्रवेश मिळालेली मुलं निकालाशिवाय अडकली. ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुखांना पदावरून दूर केलं गेलं. परदेशी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. तेव्हापासून प्रत्येक मार्कशीटच्या पाच-पाच साक्षांकित प्रती त्याच्या कपाटात आहेत, प्लास्टिकच्या वेगळ्या फोल्डरात, वर सिलिकाची पुडी टाकून.

पैशाची बाजू बाबांकडे आहे. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. त्यांना परदेशातलं शहर एकही माहीत नाही, पण डॉलरचा भाव रोज माहीत असतो. पहिल्यांदा बेत झाला तेव्हा डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता. "तेव्हाच गेला असतास तर," असं ते म्हणतात आणि वाक्य सोडून देतात. बँकेचं म्हणणं, मोठ्या कर्जाला तारण हवं. फ्लॅट तारण ठेवायचा, तर इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हा प्रश्न. तो बदलापुरात बऱ्याच बैठकांना पुरतो. गावाकडे जमीन आहे, पण ती शेतजमीन. सातबारा पाहून बँकवाला गोड हसतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी फी नाही हे ऐकून बाबांना आनंद झाला होता. मग मुलानं सांगितलं, की राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात गोठवून ठेवायचे आणि महिन्याला ९९२ काढायचे. बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्या पेन्शनसारखंच. पैसा आपला, हप्ता त्यांचा."

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मात्र हे सारं पटत नाही. त्या मूळच्या कल्याणच्या. "आमच्या कल्याणची आनंदी गेलीच ना?" हा त्यांचा हुकमी एक्का. मुद्दा बिनतोड आहे. बदलापूरहून चौथं स्टेशन कल्याण. तिथल्या गणपतराव जोश्यांची यमुना, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, एप्रिल १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नवरा गोपाळराव यांच्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ओळख कुणाची, तर न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंची. त्यांनी दंतवैद्याकडे ताटकळत बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी हातात. आजी विचारतात, "तिला कुठं होतं तुझं ते इंटरनेट?" परदेशी नम्रपणे म्हणतो, "आजी, त्यांच्याकडे बँकेनं तीन वर्षांचे आयटीआर मागितले नव्हते." यावर आजी गप्प बसत नाहीत, पण विषय बदलून तब्येतीवर येतात.

व्हिसाच्या मुलाखतीचा सराव तो घरातच करतो. जेवणाच्या टेबलामागं आई अधिकारी म्हणून बसते. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा सर्वांत जास्त अडतो तो २१४-बी या कलमावर. तुम्ही शिकून परत येणार, हे तुम्हीच पटवून द्यायचं असतं. आईनं पहिले प्रश्न कागदावरून वाचले: कुठलं विद्यापीठ, खर्च कोण करणार. मग कागद बाजूला ठेवून तिनं विचारलं, "शिकून परत येणार ना रे?" त्यानं पाठ केलेलं उत्तर इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवलं: घर इथं, आईवडील इथं, भविष्य इथं. आईला शब्द फारसे कळले नाहीत, पण तिनं व्हिसा तिथल्या तिथं दिला आणि वर गरम पोळी वाढली.

हे सगळं वाचून तो रिकामटेकडा वाटेल, तर तसं नाही. खरी गंमत पुढंच आहे. परदेशी स्वतः गेला नसला, तरी त्यानं पाठवलेली माणसं चार खंडांत आहेत. दादर-ठाण्याच्या कन्सल्टन्सीवाले जे चकचकीत फाइलमध्ये घालून विकतात, ते तो रविवारी पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर फुकट सांगतो, आणि पुष्कळदा जास्त बरोबर. शेजारच्या चाळीतल्या मुलीला राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असते हे त्यानंच सांगितलं, आणि सांगताना १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंड देऊन कोलंबियाला पाठवलं होतं हेही सांगितलं. मुलीच्या वडिलांना ते अर्थातच आधी माहीत होतं. त्यांनी त्याला पौंडांचा हिशेब पुन्हा करायला लावला नाही एवढंच.

कुणी निघालं की विमानतळाची मोहीम त्याच्या हाती. रात्री अडीचच्या विमानासाठी शिरगावहून संध्याकाळी सहाला भाड्याची गाडी निघते. आत आईवडील, दोन मावश्या, एक काका आणि परदेशी. टी-टू टर्मिनलच्या दाराशी तिकीट असलेल्यालाच आत सोडतात, हे ठाऊक असूनही मावश्या शेवटपर्यंत सीआयएसएफच्या जवानाशी बोलून पाहतात. त्याआधी वजनाचा प्रयोग होतो. काटा पंचवीस दाखवतो. परदेशी बॅग उघडून थालीपीठाची भाजणी काढतो, आई ती पुन्हा घालते. तो लोणच्याची बरणी काढतो, आई कुकर काढून बरणी परत ठेवते. शेवटी पुस्तकं बाहेर पडतात आणि लाडू आत राहतात. इंजिनीअरिंगच्या पुस्तकांचा एक चांगला साठा अशा रीतीनं परदेशीच्या घरी जमला आहे.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा आकडा ३,३१,६०२ झाला आणि २००९ नंतर प्रथमच चीन मागं पडला. पुढच्या वर्षी ३,६३,०१९. हे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. "त्यातली सहा आपली," असं तो म्हणतो, आणि 'आपली' म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर कुलगुरूचा भाव असतो.

मुलींमध्येही हा नमुना आढळतो, पण विरळा. घरचे तिला वर्षभरच थांबू देतात. मग 'लग्न करून जा' हा सातवा देश पुढं येतो, आणि ती घाईनं अर्ज भरून खरोखरच निघून जाते.

तो का गेला नाही, याची शिरगावात तीन मतं आहेत: बाबांची बायपास, फ्लॅटचे हप्ते आणि आळस. पहिली दोन खरी आहेत. आळस म्हणणाऱ्यांनी त्याचं एक्सेलचं पान पाहिलेलं नाही. त्यात पंचेचाळीस विद्यापीठं, त्यांच्या मुदती आणि प्रत्येक शहरातल्या बटाट्याचा भाव आहे. आमचं मत विचाराल, तर त्याला जाण्यापेक्षा जाण्याची माहिती जास्त आवडते. अर्ज एकदा केला की होय किंवा नाही असं उत्तर येतं, आणि मग पान बंद करावं लागतं.

तेव्हा तुमच्या घरात कुणी निघणार असेल, तर रविवारी अकरानंतर त्याला जरूर भेटा. पैसे घेत नाही, चहा चालतो. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट सोबत न्या. वजनकाटा नेला तर आठवड्यात परत करा. आणि 'तुझं कुठवर आलं?' असं विचारायचंच असेल, तर हाताशी दोन तास ठेवून विचारा. सध्या आयर्लंड चाललं आहे.