चि. जागले संरक्षण कायद्यास, आशीर्वाद

चि. जागले (व्हिसलब्लोअर) संरक्षण अधिनियम, २०१४ यास,
मार्फत कार्मिक व प्रशिक्षण विभाग, नवी दिल्ली

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तू अजून डोळेच उघडलेले नाहीस. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात बारसं झालं. केंद्र सरकार ठरवील त्या तारखेपासून अमलात येशील, असं तुझ्या पहिल्याच कलमात लिहिलंय. दशक उलटून गेलं, मुहूर्त काही निघेना. मधे २०१५ साली तुझे हातपाय आखूड करायचं दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केलं. ते पुढे राज्यसभेत रखडलं आणि २०१९ला बारगळलं. पोर अजून रांगलंही नाही, तोच ते फार लांब पळेल म्हणून धास्तावलेले पालक मी पहिल्यांदाच पाहिले.

भावंडांची खुशाली कळवतो. ग्राहक संरक्षण, २०१९चा, चांगला हिंडता-फिरता आहे. परवा मॉलमध्ये दोन बनियन घेतले. काउंटरवरच्या पोराने बारकोड मारायच्या आधीच विचारलं, “नंबर?” देत नाही म्हटल्यावर म्हणाला, “सिस्टीम पुढे जात नाही, काका.” मी म्हटलं, बाळा, नंबरासाठी ग्राहकाला अडवू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३मध्येच दुकानदारांना कळवलंय, आणि बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. मॅनेजर आले, त्यांनी दहा वेळा नऊ दाबला आणि सिस्टीम निमूट पुढे गेली.

नसती गेली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा, तिथला तक्रार क्रमांक टिपून ठेवायचा, मग दुकानाला लेखी नोटीस, आणि तरी ढिम्म राहिले तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असेना का, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. चंडीगडच्या एका गृहस्थाने २०१९ साली कागदी पिशवीच्या तीन रुपयांपायी बुटांच्या कंपनीला नऊ हजारांना पाणी पाजलं. फक्त बिल हवं. हल्लीचं गुळगुळीत कागदावरचं बिल काही महिन्यांत कोरं होतं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा. (हे कुठल्या कलमात नाही, माझ्या कपाटात आहे.)

धाकटा, वैयक्तिक विदा संरक्षण, २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. बहुतेक कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड करतो म्हणे. खोटी किंवा फालतू तक्रार केली तर तुम्हा-आम्हालाही दहा हजारांपर्यंत बसेल. गुणी बाळ! शिवाय येताना थोरल्या बहिणीच्या, माहिती अधिकाराच्या, ८(१)(ञ) कलमातली जनहिताची वाट बुजवून आला. आता खासगी माहितीचं कारण सांगून अर्ज फेटाळला, तर अपिलात कलम ८(२) दाखवायचं. तिथे जनहित अजून शिल्लक आहे.

तुझ्या जागी सध्या २००४चा एक सरकारी ठराव, जनहितार्थ माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ‘पीआयडीपीआय’, बदलीवर काम करतो. त्याच्या जन्माची गोष्ट सांगताना मला थट्टा सुचत नाही. सत्येंद्र दुबे या इंजिनिअरने सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ला गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयने तो लुटीचा प्रकार मानला. पत्र फिरलं होतं, एवढं मात्र खरं. आमच्या तळेगाव दाभाड्यात जमिनींचे घोटाळे उघड करणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१०ला सकाळी फिरायला निघाले आणि मारले गेले. तेव्हा तू विधेयक म्हणूनही संसदेत आला नव्हतास. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, हे तुझ्या पोटातलं कलम वाचतो तेव्हा ही दोन नावं आठवतात.

तर या ठरावाची रीत अशी. पाकीट चिकटवून बंद करायचं. वर ‘पीआयडीपीआय’खालील तक्रार असं ठळक लिहायचं, खाली पत्ता सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, नवी दिल्ली. आपलं नाव-पत्ता पाकिटावर अजिबात नाही, पण आत हवाच. निनावी पत्राची ते दखल घेत नाहीत. मजकुरातून आपण कोण ते कळू देऊ नये. ‘मी साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसतो’ असं लिहिलं की संपलं. पोस्टाच्या खिडकीवरचा माणूस “पाठवणाऱ्याचं नाव?” म्हणून पाकीट परत सरकवील. अशा पाकिटावर नावाचा आग्रह धरू नका असं त्याच्याच खात्याने सांगितलंय, हे त्याला मऊ आवाजात ऐकवावं. पोचेची वाट पाहू नये. आणि हे सगळं केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरतं आणि केंद्राच्या कंपन्यांपुरतं; जिल्हा परिषदेच्या टेंडरचं काही हाती लागलं, तर या पाकिटाचा उपयोग नाही. त्यासाठी तूच हवा होतास.

तारीख निघाली की राजपत्राची एक प्रत धाडून दे. माझं नाव-पत्ता आतल्या वेगळ्या चिठ्ठीवर आहे. पोस्टातल्या माणसाशी मी बोलून घेतो.

तुझा,
काका