डिस्नेलँडात दशम्या

सूनबाईंनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं की उद्याची सहल साधी नाही.

आमच्या सांगलीत सहलीची तयारी म्हणजे आदल्या रात्री दहा वाजता घट्ट झाकणाचा डबा शोधायला लागणं आणि तो गेल्या दिवाळीत फराळ घालून शेजारी दिलाय, हे अकरा वाजता आठवणं. इथे कॅलिफोर्नियात, अर्व्हाइनला, चिरंजीवांच्या घरी सहलीचा तक्ता असतो. उभे रकाने पाच : चिकटतं का, वितळतं का, चुरा पडतो का, ठिबकतं का, वास येतो का. आडव्या ओळींत यच्चयावत खाऊ. पास झालेल्याला हिरवा रंग, नापासाला लाल. मी जिल्हा परिषदेत ३४ वर्षं तक्ते भरले, पण बेसनाच्या लाडवाची अशी खातेनिहाय चौकशी कधी पाहिली नव्हती.

निमित्त होतं अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडचं. सकाळी दार उघडायच्या आत पोचायचं आणि रात्रीची आतषबाजी बघूनच निघायचं, असा सात वर्षांच्या नातीचा हुकूम होता.

"आई, खाणं असं हवं," सूनबाई सांगू लागल्या, "की रांगेत उभ्याउभ्या एका हातानं खाता आलं पाहिजे, कपड्यांवर सांडता कामा नये आणि नंतर हात धुवायची गरज पडता कामा नये. म्हणजे ते आपलं... मेस-फ्री."

"खरकटं न होणारं," ही म्हणाली.

"हां, तेच."

"मग तसं सांग की सरळ. त्याला कॉम्प्युटर कशाला?"

मला मात्र वेगळाच धक्का बसला होता. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी! आपल्याकडच्या एका पार्कात गेलो होतो, तेव्हा गेटवरच्या माणसानं आमचा पुऱ्यांचा डबा काढून घेऊन मला टोकन दिलं होतं. संध्याकाळी टोकन देऊन डबा परत घेतला. डबा तोच होता, पुऱ्या चार कमी होत्या. इथे मात्र स्वतःपुरतं खाणं खुशाल न्या म्हणतात. अटी थोड्याच : काचेचं भांडं नको, सुटा बर्फ नको, दारू नको, गरम करावं लागेल असं काही नको आणि उग्र वासाचं नको.

शेवटची अट ऐकून ही सावध झाली. "लसणीच्या चटणीला वास येतो असं म्हणतील का गं?"

"येतोच की, आई."

"वास नाही, खमंगपणा येतो."

तक्त्यात खमंगपणाचा रकाना नसल्यामुळे चटणी लाल झाली. पाठोपाठ एकेकाची विकेट पडत गेली. बेसनाचा लाडू : पहिल्या घासाला चुरा, दुसऱ्या घासाला टाळूला चिकटतो आणि तिसऱ्याला बोलता येत नाही. चकली : मोडते, आणि मोडताना शेजाऱ्याच्या अंगावर जाते. राजगिऱ्याची वडी : लहान मुलाच्या हाती दिली की वडी उरत नाही, राजगिराच उरतो. थालीपीठ वासात गेलं. शंकरपाळी पास झाली, पण एवढीएवढीशी असल्यानं सांडली तर गोळा करत बसावं लागेल, म्हणून तिला पिवळा रंग मिळाला. मी हळूच भडंगाचं नाव काढलं. सूनबाईंनी काही न बोलता पाचपैकी तीन रकाने लाल केले. सांगलीच्या माणसासमोर हे करायला धैर्य लागतं.

मग ही उठली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "दशम्या करते."

दशमी हा पदार्थ ज्यानं कुणी शोधला, त्यानं हे पाचही रकाने भरूनच शोधला असणार. कणीक पाण्यात भिजवायचीच नाही, दुधात भिजवायची. चवीला मीठ, थोडं तूप, हवं तर जिरं. गोड हवी असेल तर दुधात गूळ विरघळवून घ्यायचा. नुसती पोळी संध्याकाळी चामड्याशी नातं सांगते, दशमी मऊ राहते. आणि खरी गंमत पुढेच आहे. पाण्यात भिजलं-शिजलं ते खरकटं, पण दुधात भिजवलेली कणीक खरकटी धरत नाहीत, असा जुन्या सोवळ्या माणसांचा दंडक. त्यामुळे काशीयात्रेला निघालेला माणूस दशमी बिनधास्त बरोबर घेई. हात धुवायला जागा नाही, बसायला पाट नाही, भोवती अनोळखी माणसं, मुक्काम लांब : यात्रेची जी अडचण, तीच थीम पार्कची. फरक इतकाच, की तिकडे शेवटी विश्वेश्वर भेटे, इकडे मिकी.

सूनबाईंनी दशमीचे पाचही रकाने हिरवे केले. मग त्यांनी आपलं सामान भरलं : सफरचंदाच्या फोडी, काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचा रस लावून, दोरीसारखं सोलत खायचं चीज, चॉकलेटचा थर दिलेले ग्रॅनोला बार, आणि दह्याच्या नळ्या, रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून. सुटा बर्फ नेता येत नाही, तर दहीच बर्फाचं काम करील आणि दुपारी खायलाही होईल, ही युक्ती मला मनापासून आवडली.

सगळे झोपल्यावर मी उठलो. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेवार्डवरच्या देशी दुकानातून आणलेले कुरमुरे आणि शेंगदाणे घेऊन माझ्या हातानं केलेलं भडंग डब्यात होतं. त्याच दुकानाच्या जाहिरातीच्या कागदाची मी एक पुडी बांधली आणि उद्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली. गुन्ह्याची कबुली इथेच देऊन ठेवतो.

सकाळी गेटवर पिशव्यांची तपासणी. तपासणाऱ्या बाईंनी हसतमुखानं एकेक डबा उघडला. दशम्यांची चळत बघून मान डोलावली. आणि मग पिशवीच्या तळातून निघाली लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. ही बरणी तक्त्यात नव्हती.

"आई!" चिरंजीव आणि सूनबाई एका सुरात.

काच चालत नाही, फक्त तान्ह्या बाळाच्या खाण्याच्या छोट्या बरण्या चालतात, असं त्या बाईंनी समजावून सांगितलं. हिनं माझ्याकडून भाषांतर करून घेतलं, क्षणभर विचार केला आणि सहा फूट उंचीच्या, ३८ वर्षांच्या चिरंजीवांकडे बोट दाखवून म्हणाली, "दिस... माय बेबी."

तपासणाऱ्या बाई इतक्या हसल्या की मागची रांग बघायला पुढे सरकली. नियम मात्र नियमच राहिला. हिनं मग तिथेच बाजूला उभं राहून दोन डझन दशम्यांना लोणच्याच्या खाराचं बोट लावलं, प्रत्येकीची घट्ट सुरळी केली आणि रिकामी बरणी चिरंजीवांच्या हाती दिली. बाळ बरणी ठेवायला गाडीपर्यंत जाऊन आलं. त्याला ४० मिनिटं लागली.

आत पाऊल टाकलं आणि हिनं पहिलं काय केलं, तर खाली बघितलं. "अहो, एक कागद नाही हो!" दर थोड्या पावलांवर कचरापेटी, पांढऱ्या कपड्यांतली माणसं लांब दांड्याची सुपली घेऊन हिंडताहेत, पॉपकॉर्नचा दाणा पडायचा अवकाश की उचलला. चिरंजीवांनी सांगितलं, की या पार्कात च्युइंगम विकतच नाहीत, तो फरशीला चिकटतो म्हणून.

"सोवळ्याचा माणूस दिसतोय मालक," ही म्हणाली.

वॉल्ट डिस्नेला आमच्या घरात इतका मान यापूर्वी मिळाला नव्हता. पण सोवळं पहिल्या दिवशीच कुणाला जमलंय? १७ जुलै १९५५ला पार्क उघडलं, तेव्हा खोट्या तिकिटांवर हजारो माणसं आत घुसली, प्लंबरांच्या संपामुळे पाण्याच्या तोट्या कमी पडल्या आणि काही ठिकाणी डांबर इतकं ताजं होतं की उन्हानं मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. थोडक्यात, आमच्या धाकट्या मेव्हणीच्या लग्नाचा मांडव.

अकराच्या सुमाराला ऊन चढलं आणि सूनबाईंचा तक्ता वितळू लागला. आधी ग्रॅनोला बार. कागद सोलला तर आत बार नव्हता, चॉकलेटमध्ये बुडालेली ओटची उसळ होती. नातीनं ती खाल्ली आणि हात आईच्या पांढऱ्या टी-शर्टला पुसले. मग दह्याच्या नळ्या. गोठलेल्या होत्या तोवर शिस्तीत होत्या. सुटल्यावर नातीनं एक नळी दातांनी उघडली आणि दुसऱ्या टोकाकडून दाबली. पिचकारी थेट पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या, सुदैवानं पाठीवरच्या पिशवीवर. सूनबाईंनी "सॉरी" म्हणत पुसून घेतलं. त्या गृहस्थांनी "नो प्रॉब्लेम" म्हटलं, पण रांग पुढे सरकताना दर वेळी मागे वळून अंदाज घेत राहिले.

ही काही बोलली नाही. तिनं फक्त दशमीची एक सुरळी नातीच्या हातात दिली. चुरा नाही, थेंब नाही. नात म्हणाली, "आजी, तुझा रोल-अप बेस्ट आहे." दशमी स्त्रीलिंगी की पुल्लिंगी या वादात त्या दिवशी कुणी पडलं नाही.

जेवणाच्या वेळी चिरंजीवांनी फ्रॉन्टियरलँडची गोष्ट काढली. पार्क नवं असताना तिथे फ्रिटोज कंपनीचं मेक्सिकन खाण्याचं हॉटेल होतं. उरलेल्या, शिळ्या टॉर्टिया टाकून द्यायचे. कुणीतरी सुचवलं, टाकता कशाला, तुकडे करून तळा आणि मसाला टाकून विका. लोकांच्या उड्या पडल्या. पुढे तेच १९६६मध्ये देशभर विकायला आलं, नाव डोरिटोज.

हिच्या हातातली सुरळी हातातच राहिली. "म्हणजे शिळ्या पोळीचे तुकडे?"

"हो."

"तळून? वर तिखट-मीठ?"

"हो, आई."

"माझी आजी दर बुधवारी करायची. त्या बाईला कुणी पाकिटाचे पैसे दिले नाहीत." आणि तिनं पार्ककडे असं पाहिलं, जणू निम्मी मालकी कागदोपत्री आमचीच, फक्त सातबारा काढायचा राहिलाय.

दुपारी मी एका बाकावर टेकलो. पुडीतले चार शेंगदाणे काढले, इकडेतिकडे बघून तोंडात टाकले. चिरंजीव शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, हे सगळं असंच सुरू झालंय." लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली चक्रावर बसल्यात आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलाय, पोरांबरोबर मोठ्यांनाही मजा करता येईल अशी जागा का नसावी, हे डिस्नेला तिथे सुचलं, असं तो स्वतःच सांगायचा. मला एकदम बळ आलं. कोट्यवधी डॉलरच्या या पसाऱ्याच्या मुळाशी शेंगदाणे आहेत, तर माझ्या पुडीला लाल रंग देणारा तक्ता कोण?

त्याच बळावर मी स्पेस माउंटनला हो म्हणालो.

हा पाळणा १९७७पासून इथे आहे. अंधाऱ्या घुमटात रॉकेटच्या आकाराच्या गाड्या गरगरतात. वेग म्हणाल तर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. आमची मिरज-सांगली रिक्षा त्याला हरवील. पण पुढचं वळण दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वळणाला माणूस जास्त भितो. मी दोन्ही हातांनी दांडा धरला. पुडी धरायला तिसरा हात नव्हता. शर्टाच्या खिशाला बटण होतं. ते मी दुपारी, चार शेंगदाणे काढताना उघडलं होतं.

पहिल्या उतारालाच छातीवरून काहीतरी खसखसत वर गेलं. मला वाटलं, जीव. नाकाला ओळखीचा वास आल्यावर कळलं, भडंग. मागून कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी ठसकलं. मी रामनाम घेत होतो, त्यात "माफ करा" मिसळलं.

बाहेर पडल्यावर भिंतीवरच्या पडद्यांवर प्रत्येक गाडीचा फोटो दिसतो. आमचाही दिसला. माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं. मागे बारा जणांच्या गाडीभर, काळ्या अंतराळात पांढरेशुभ्र कुरमुरे तरंगताहेत, मधूनच कढीपत्त्याचं एखादं पान उपग्रहासारखं. मागच्या ओळीतल्या मुलाचा जबडा वासलेला, आणि एक शेंगदाणा नेमका त्याच दिशेनं निघालेला. पोचला की नाही, हे फोटोत कळत नाही.

रात्री आतषबाजी झाली, नात खांद्यावर झोपली, घरी आलो. दशम्यांचा डबा धुवायला घेतला तर आत तुपाचा ओशटपणा सोडून काही नव्हतं. सूनबाईंनी पुन्हा लॅपटॉप उघडला. ग्रॅनोला बार लाल झाला. दह्याची नळी लाल झाली. दशमीच्या ओळीत पाचही हिरवे कायम राहिले आणि शेजारी ‘दोन डझन ऐवजी तीन’ असा शेरा पडला. सगळ्यात खाली त्यांनी एक नवी ओळ जोडली : ‘बाबा’.

चुरा पडतो का, लाल. सांडतं का, हा रकाना खास नवा काढलेला, लाल. ‘वास येतो का’ हा एक रकाना मात्र त्यांनी मोकळा सोडला. सासऱ्यांचा मान म्हणून.