कामाला कान लागतात का?

हंगामाच्या दिवसांत नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शेजारच्या माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नाही. पिकअपचे हॉर्न, हमालांच्या आरोळ्या, लिलावाचा गलका. शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो आणि व्यापारी मोबाइलकडे. या गोंधळात क्रेटच्या थप्पीपाशी उभे राहून मामा ओरडून विचारतात, "काय शेठ, टोमॅटो निवडायला कान लागतात का?"

"इथं कान असून तरी काय उपयोग, मामा?"

"मग झालं! सोमवारपासून एक पोरगा येतोय. मूकबधिर शाळेतला. नजर बघाल त्याची!"

जुन्नर-आंबेगावात असा एखादा मामा असतोच. कुणी निवृत्त मास्तर, कुणी पोलिओमुळे एका पायाने अधू झालेला टेलर. रूपं वेगळी, खोड एकच: जगाकडे अपंग मुलांसाठी नोकरीची जागा म्हणून बघायचं. लग्नात लोक नवरी बघतात, मामा मांडवामागे जाऊन ताटं कोण मोजतंय ते बघतात. दशक्रियेला गेले तर कावळा शिवेपर्यंतच्या वेळात शेजारी बसलेल्या वीटभट्टीवाल्याला धरतात. "पाय लागतात का?", "वाचता यावं लागतं का?" असली चौकशी चालू झाली की समजावं, त्या दुकानाचं काही खरं नाही. काही दुकानदार मामांची स्कूटर ओळखतात आणि शटर अर्धं ओढून घेतात. मामा वाकून आत येतात.

बॅगेत सदैव कायद्यांच्या आणि दाखल्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. अपंग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत. पुढे विशेष शाळा गुलाबाचं फूल देऊन निरोप देते आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगा घराच्या ओट्यावर. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा ठेवल्या. त्यासाठी दाखल्यावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. दहावी ३५ ला सुटते, इथे पासिंग ४० ला! एखाद्याला ३८ आले की घरात नापास झाल्यासारखी सुतकी शांतता. मामांना त्या टक्क्यांचं फारसं कौतुक नाही. "दाखला एसटीत ७५ टक्के सवलत देतो," ते म्हणतात, "पण एसटीने जायचं कुठं, ते कोण सांगणार?"

ते मामा सांगतात. एका रोपवाटिकेत त्यांनी असाच ओट्यावरचा एक मुलगा नेऊन बसवला. अक्षरं त्याला कधी जमली नाहीत, पण एकदा सांगितलेली गोष्ट तो सोडत नाही. काम काय, तर प्रोट्रेमध्ये कोकोपीट भरायचं आणि एका कप्प्यात एक बी टाकायचं. पहिले काही दिवस मामाही शेजारी फतकल मारून बिया टाकत बसले, मालकाला एक माणूस फुकट. पुढे एसटीचा प्रवास शिकवला. आधी मामा शेजारच्या सीटवर, मग मागच्या सीटवर, मग स्कूटरवरून बसच्या मागे. कंडक्टरला वाटलं, कुणाचा तरी जावई मागे राहिला. त्याने बेल मारून गाडी थांबवली. मामांनी आभार मानायचे सोडून त्याला झापलं.

आता गंमत अशी की बाकीच्या बाया गप्पांच्या नादात एका कप्प्यात दोन-दोन बिया टाकायच्या. हायब्रीड बियाणं महाग, मालकाचा जीव तुटायचा. या मुलाच्या ट्रेमध्ये दोन बिया कधी सापडल्या नाहीत. एकदा घाईत मालकाच्या हातून दोन पडल्या, तर त्याने मालकाचाच हात धरला. मालकाने ही गोष्ट तालुकाभर सांगितली. माझ्या मते कुठल्याही शिफारसपत्रापेक्षा ती जास्त चालली.

मामांचा खरा सामना घरच्यांशी होतो. वडील म्हणतात, "पगार सुरू झाला आणि संजय गांधी योजनेचे पैसे बंद झाले तर?" या प्रश्नापुढे मामांचीही जीभ अडखळते, कारण भीती खोटी नाही. आई म्हणते, "मामा, उसात बिबट्या आहे. अंधारात एकटा कसा यायचा?" तिला ते हसत नाहीत. या पट्ट्यात बिबट्याचं भय कुणी हसण्यावारी नेत नाही. ते मालकाकडे जाऊन सुट्टीची वेळ अलीकडे आणतात.

दयाळू शेठ त्यांना सर्वांत जास्त त्रास देतात. "राहू दे हो, नुसता बसू दे, मी देईन काहीतरी," असं कुणी म्हटलं की मामा भडकतात. "बसायला त्याच्या घरी ओटा आहे!" ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला ते व्यासपीठावर जात नाहीत, दाराशी उभे राहून पाहुण्यांचे फोन नंबर गोळा करतात. ४ तारखेला ते नंबर उचलले जात नाहीत, हा भाग वेगळा.

त्यांचा स्वतःचा धडधाकट मुलगा पदवी घेऊन घरी बसलाय. मामी त्यावरून बोलतात तेव्हा मामा शांतपणे म्हणतात, "त्याला हात, पाय, डोळे, कान सगळं आहे. त्याच्यासाठी माझ्याकडे काही नाही."

मंचर ते आळेफाटा या पट्ट्यात तुमचं दुकान, पॅकहाउस, नर्सरी किंवा गोठा असेल तर मामा तुमच्याकडेही येतील. वर्गणी मागायला आलेत असं समजून पाकीट काढू नका. आत न्या, काम दाखवा, ठरलेला पगार द्या. आणि मुलाला उजेड आहे तोवर सोडा.