आमेनभाऊ

आर्णीतली आमची मंडळी एवढीशी. रविवारी दाराबाहेर चपलांचे तीस जोड दिसले तरी पाळकसाहेब खुशीत येतात. त्यातला एक जोड आमेनभाऊंचा. त्यांचं खरं नाव आता फक्त रेशनकार्डाला माहीत. मंडळीच्या ग्रुपवर कोणी काहीही टाको, पहिलं आमेन त्यांचंच. पोराला ताप, आमेन. यवतमाळला सासूचं ऑपरेशन, आमेन. उद्या दिवसभर लाइन जाणार, आमेन.

भाऊ पहाटे पाचला उठतात, हे मात्र मानावं लागेल. उशाशी चाचपून मोबाइल काढतात, बायबलचं ॲप उघडतात. सलग किती दिवस वचन वाचलं त्याचा आकडा तिथे येतो, सध्या 214. तो पाहूनच निम्मं समाधान होतं. मग स्तोत्र 23 काढून मेंढपाळापाशी पोचतात न पोचतात, तोच वरून कापसाचा भाव घसरतो. भाव बघायला जावं, तर खाली एक जेसीबी विहिरीतून दुसरा जेसीबी काढत असतो. तो पुरता निघाल्याशिवाय उठवत नाही. साडेसहाला वहिनी चहा आणतात.

"झाली का प्रार्थना?"

"होऊन राह्यली ना," म्हणत भाऊ डोळे मिटतात. अंगठा चालूच.

भाऊंच्या वडिलांची तऱ्हा निराळी होती. यवतमाळला 1953 पासून 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. पुढे ती पुण्याला गेली. ती यवतमाळला होती तोवर तिथलं कोणी संदेश देणार असं कळलं की म्हातारा एसटीनं चाळीसेक किलोमीटर जायचा आणि शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर निजायचा. भाऊंच्या तळहातावर आज केरळपासून कोरियापर्यंतचे प्रवचनकार हजर आहेत, पण चाळीस सेकंदांच्या वर कोणालाच मिळत नाहीत. पंडिता रमाबाईंनी अख्खं शास्त्र मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, 1922 साली जाईपर्यंत त्याचीच प्रुफं तपासली. त्यांच्यावरचा एक व्हिडिओ भाऊंनी अकरा ग्रुपांवर पाठवला. कसा वाटला, मी विचारलं.

"पुरा नाई पाह्यला. तीन मिनिटायचा हाय तो!"

2017 च्या उपवासकाळात पोप फ्रान्सिस यांनी विचारलं होतं, की आपण बायबलला मोबाइलसारखं वागवलं तर? विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो, दिवसातून अनेकदा उघडलं, तर? आम्ही पडलो प्रोटेस्टंट, पण भाऊंनी तेही फॉरवर्ड केलं. आणि वडिलांचं लाल कडांचं शास्त्र उचलून कपाटावर ठेवून दिलं. आता मोबाइलमध्येच आहे म्हटल्यावर!

यंदा तर त्यांनी चाळीस दिवस मोबाइलचाच उपास धरला. पहिल्या दिवशी सकाळी तसं स्टेटस टाकलं. किती जणांनी पाहिलं ते नऊला बघितलं, साडेनऊला बघितलं. पाळकसाहेबांचं नाव काही दिसेना, तेव्हा फोनच लावला. "साहेब, मोबाइलचा उपास हाय माझा. स्टेटस पाहा ना."

उत्तम शुक्रवारी गेथशेमाने बागेचा उतारा वाचला. प्रभू एकटा प्रार्थना करतोय, शिष्य झोपलेत. भाऊ डोळे पुसत होते. खरोखर पुसत होते, मी शेजारीच होतो. मग त्याच रुमालानं त्यांनी स्क्रीन पुसला आणि पाळकसाहेबांचा फोटो काढला.

परवा त्यांच्या ओसरीत बसलो होतो. वहिनी तूर निवडत होत्या, भाऊ समोर खाटेवर. सूप बाजूला ठेवून वहिनींनी आपला मोबाइल घेतला, बराच वेळ एका बोटानं काही लिहिलं. ग्रुपवर त्या सहसा लिहीत नाहीत. माझ्याही खिशात टुणकन वाजलं. 'माझ्या यजमानांना प्रार्थनेत आठवा. समोर बसून असतात, पण बोललेलं ऐकू येत नाही.'

चार सेकंदांत आमेन. वर जोडलेले दोन हात.

"कोणासाठी टाकलं?" वहिनींनी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं.

"हाय कोण्या बाईचा नवरा," भाऊ मान वर न करता म्हणाले. "बह्यरा झाला म्हन्ते बिचारा. तू बी टाक ना एक आमेन."