भावी नगरसेवक

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. अशा गावात नळाच्या पाण्याआधी फ्लेक्स पोचतो. त्यावर हात जोडून उभा असतो तो ‘भावी नगरसेवक’. या पदाला शपथ नाही आणि मुदतही नाही. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली; मधली जवळपास चार वर्षे प्रशासक कारभार पाहत होते आणि भावी मंडळी वाढदिवस साजरे करत होती.

पूर्वतयारीचा क्रम ठरलेला: सोसायटीला टँकर, महिलांना हळदीकुंकू आणि अष्टविनायकाची बस. निम्म्या जागा महिलांच्या असल्याने खरी परीक्षा आरक्षण सोडतीच्या दिवशी. जागा महिलांसाठी निघाली की रातोरात फ्लेक्सवर सौभाग्यवती अवतरतात; साहेबांचा फोटो मात्र कमी होत नाही, मोबाइल नंबरही त्यांचाच राहतो.

पुढे अर्ज. त्यासाठी वय २१ पुरे, निष्ठा कितीही चालते. एबी फॉर्म ज्या पक्षाकडून हातात पडेल, त्याच्या विचारधारेवर त्या दुपारपासून श्रद्धा बसते. न मिळालेल्यांत कार्यकर्त्यांचा आग्रह वाढतो आणि अपक्ष जन्मतो. माघारीच्या मुदतीपर्यंत त्याची समजूत घालायला मोटारी येत राहतात.

निवडून आल्यावर बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. ड्रेनेज तुंबल्यास ‘अ’ने ‘ब’कडे, ‘ब’ने ‘क’कडे आणि ‘क’ने ‘ड’कडे बोट दाखवायचे असते. ‘ड’ मीटिंगमध्ये असतो.